संगणक-यंत्रणेची नाडीपरीक्षा

१. देखरेखीची आवश्यकता

रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खात्यांचा हिशेब, रुग्णालयातील तपासण्यांची नोंद, वीजपुरवठ्याचे नियंत्रण ही कामे एके काळी कारकुनांच्या लेखणीने आणि खतावण्यांच्या आधारे चालत असत. आज ती बहुतांशी संगणकांच्या द्वारे चालतात. मोठ्या संस्थेत असा संगणक एकटा नसतो. शेकडो, प्रसंगी हजारो संगणक परस्परांशी जोडलेले असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाकडे कामाचा एकेक वाटा सोपविलेला असतो. आलेली मागणी पुरी करणाऱ्या अशा संगणकास ‘सर्व्हर’ ही संज्ञा आहे. प्रवाशाने तिकिटाची मागणी केली म्हणजे एक सर्व्हर ती स्वीकारतो, दुसरा रिकाम्या जागांची यादी पाहतो, तिसरा पैशांचा व्यवहार तपासतो, आणि हे सर्व उरकून काही सेकंदांत उत्तर प्रवाशापुढे येते.

कारकून आजारी पडला तर त्याची खुर्ची रिकामी दिसते. सर्व्हर बिघडला तर मात्र पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. पेटी जागच्या जागी असते, दिवे लुकलुकत असतात, पंखाही फिरत असतो. यास्तव वैद्य ज्याप्रमाणे नाडी, तापमान व श्वासाची गती पाहून शरीराच्या आतील स्थितीचे अनुमान बांधतो, त्याप्रमाणे संगणक-यंत्रणेचीही अखंड परीक्षा करावी लागते. या परीक्षेचे शास्त्र हाच प्रस्तुत पाठाचा विषय होय.

ही परीक्षा किती काटेकोर असावी लागते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. एखादा सर्व्हर वर्षातील शेकडा ९९.९ इतका वेळ चालू राहतो असे म्हटले, तर ते ऐकावयास उत्तम वाटते. परंतु वर्षाचे तास ८,७६० असल्यामुळे असा सर्व्हर वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास बंद राहतो. आता एखादे काम पुरे होण्यास असे पाच सर्व्हर एकामागोमाग लागत असतील आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर ०.९९९ या संख्येचा पाच वेळा गुणाकार करावा लागतो. उत्तर ०.९९५ येते, म्हणजे वर्षात सुमारे ४४ तास ते काम बंद राहील. साखळीतील कड्या वाढल्या म्हणजे साखळी तुटण्याची शक्यता वाढते, हा जुनाच अनुभव येथे संख्येच्या रूपाने दिसून येतो.

२. मापन कशाचे करावयाचे?

संगणकाच्या आतील चार गोष्टींचे मापन सर्वत्र केले जाते. पहिली, आकडेमोड करणारा प्रोसेसर किती वेळ कामात गुंतला आहे. दुसरी, हाताशी लागणारी माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी किती भरली आहे. तिसरी, माहिती कायम साठविणाऱ्या डिस्कवर किती जागा उरली आहे व तिचे वाचन-लेखन किती वेगाने होत आहे. चौथी, नेटवर्कवरून किती माहिती ये-जा करीत आहे. प्रत्येक सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्राम ठेवलेला असतो. तो ठराविक कालावधीने ही मापे घेतो आणि मध्यवर्ती संगणकाकडे पाठवितो.

तथापि केवळ आतील मापे पुरेशी नाहीत. गिरणीतील सर्व चाके फिरत असली तरी पीठ बाहेर पडते आहे की नाही, हे पाहावेच लागते. गूगल कंपनीतील अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात यासाठी चार लक्षणे सांगितली आहेत. मागणीस उत्तर मिळण्यास लागणारा विलंब, येणाऱ्या मागण्यांचा ओघ, उत्तरांतील चुकांचे प्रमाण, आणि यंत्रणा आपल्या क्षमतेच्या किती जवळ येऊन ठेपली आहे याचे माप, ही ती चार लक्षणे होत.

सर्व्हर जिवंत आहे की नाही हे विचारण्याची एक साधी युक्ती अमेरिकेतील माइक मूस या संशोधकाने १९८३ साली प्रोग्रामच्या रूपात आणली. पाण्याखालील वस्तूंचा ध्वनीने शोध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याने तिला ‘पिंग’ असे नाव दिले. एक संगणक दुसऱ्यास लहानसा संदेश पाठवितो. दुसऱ्याने तो परत धाडला म्हणजे तो जागा आहे असे समजते. परंतु झोपेत हुंकार देणारा पहारेकरी आणि खरोखर पहारा करणारा पहारेकरी यांत जो भेद आहे, तो येथेही आहे. पिंगला उत्तर देणारा सर्व्हर आपले नेमलेले काम करीत असेलच असे नाही. हा भेद किती महाग पडू शकतो, हे पुढे दिसून येईल.

३. सरासरीची फसगत

मापे गोळा झाली की त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो. येथे सावधगिरी बाळगावी लागते. समजा, १०० मागण्यांपैकी ९५ मागण्यांना ०.२ सेकंदात उत्तर मिळाले आणि ५ मागण्यांना प्रत्येकी ८ सेकंद लागले. एकूण वेळ १९ अधिक ४०, म्हणजे ५९ सेकंद, सरासरी ०.५९ सेकंद. हा आकडा पाहून संचालक निश्चिंत होईल. वस्तुतः एवढा वेळ एकाही ग्राहकाला लागलेला नाही. बहुतेकांचे काम त्याहून कितीतरी लवकर झाले आणि पाच जण ताटकळत राहिले.

हे पाच जण थोडे आहेत असेही समजू नये. एका पानावरील माहिती जुळविण्यासाठी अशा २० स्वतंत्र मागण्या कराव्या लागत असतील, तर वीसही मागण्या वेळेत पुऱ्या होण्याची शक्यता ०.९५ चा वीस वेळा गुणाकार करून मिळते. ती सुमारे ०.३६ आहे. याचा अर्थ, शंभरांपैकी ६४ ग्राहकांना कोठे ना कोठे खोळंबावे लागेल. म्हणून जाणते अभियंते सरासरीऐवजी सर्व मागण्या विलंबाच्या क्रमाने मांडतात, आणि त्या क्रमातील पन्नासावी, पंच्याण्णवावी व नव्याण्णवावी अशा शतमान-स्थानांवरील विलंब पाहतात.

मापनाच्या कालावधीबाबतही असाच धोका आहे. एखादा प्रोसेसर मिनिटातील ५ सेकंद पूर्णपणे गुंतलेला आणि उरलेले ५५ सेकंद शेकडा २० गुंतलेला असेल, तर मिनिटाची सरासरी शेकडा सुमारे २७ इतकीच येते. पाच सेकंदांची कोंडी त्या आकड्यात बुडून जाते.

४. रांगेचे गणित

यंत्रणा जसजशी भरत जाते, तसतसा विलंब सारख्या प्रमाणात वाढत नाही. प्रारंभी तो सावकाश वाढतो आणि शेवटी एकदम उसळी घेतो. याचे कारण रांगेच्या गणितात आहे. या गणिताचा पाया कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीसाठी काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने घातला गेला.

तिकिटाच्या एकाच खिडकीची कल्पना करावी. प्रवासी अनियमितपणे येतात आणि प्रत्येकास लागणारा वेळही कमीअधिक असतो. अशा साध्या स्थितीत एकूण सरासरी वेळ काढण्यासाठी प्रत्यक्ष कामाच्या वेळास खिडकीच्या रिकामेपणाने भागावे. सर्व्हरला एका मागणीसाठी सरासरी ०.१ सेकंद लागतो असे धरू. तो निम्मा वेळ गुंतलेला असताना उत्तर ०.२ सेकंदात मिळते. शेकडा ८० गुंतला असता ०.५ सेकंद, शेकडा ९० असता १ सेकंद, शेकडा ९५ असता २ सेकंद आणि शेकडा ९९ असता १० सेकंद लागतात. ९० वरून ९९ पर्यंत काम अवघे दहाव्या हिश्श्याने वाढले, पण विलंब दसपट झाला. आज सर्व ठीक चालले आहे म्हणून उद्याही चालेल, हे अनुमान येथे का चुकते, ते यावरून कळून येईल. पूर येण्यापूर्वी नदीची पातळी पाहावी, त्याप्रमाणे देखरेख करणाऱ्याने वाढीचा कल पाहिला पाहिजे.

५. इशारा केव्हा द्यावा?

माप ठराविक मर्यादेबाहेर गेले की यंत्रणा माणसास इशारा देते. ही मर्यादा ठरविणे नाजूक काम आहे. मर्यादा फार सैल असेल तर बिघाड निसटतो. फार ताठर असेल तर खोटे इशारे येतात. २०० मापे दर मिनिटास तपासली जातात आणि प्रत्येक तपासणी हजारांत एकदाच खोटा इशारा देते असे मानले, तरी दिवसाकाठी २८८ खोटे इशारे येतील. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. शेवटी खरा लांडगा येतो तेव्हा कोणी धावत नाही. म्हणून ज्या इशाऱ्यावर माणसाने तत्काळ काही करावयाचे आहे, तेवढाच त्याला झोपेतून उठविणारा असावा. बाकीचे नोंदवून ठेवावेत.

परंतु इशारा देणारी यंत्रणाच बंद पडली तर काय?

६. दिनांक १४ ऑगस्ट २००३

अमेरिकेच्या ओहायओ राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षात त्या दिवशी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी धोक्याचे इशारे देणारा प्रोग्राम थबकला. दोन प्रक्रियांनी एकाच माहितीत एकाच क्षणी फेरफार करण्याचा प्रयत्न केल्यामुळे तो एका अंतहीन फेऱ्यात अडकला होता. त्यानंतर एकही इशारा आला नाही. संचालकांनी त्या शांततेचा अर्थ सर्व क्षेम आहे असा घेतला.

न हाताळलेल्या संदेशांची रांग वाढत गेली. २ वाजून ४१ मिनिटांनी सर्व्हर बंद पडला. त्याचे काम आपोआप राखीव सर्व्हरकडे गेले; परंतु तुंबलेली रांग व अडकलेला प्रोग्रामही त्याबरोबरच गेल्यामुळे २ वाजून ५४ मिनिटांनी तोही बंद पडला. संगणक-विभागातील कर्मचाऱ्यांना सर्व्हरविषयी आपोआप सूचना मिळाली होती. त्यांनी ३ वाजून ८ मिनिटांपर्यंत सर्व्हर पुन्हा चालू केला आणि तो चालत असल्याचे पाहिले. इशाऱ्यांचे कार्य पूर्ववत झाले आहे काय, हे मात्र त्यांनी नियंत्रण-कक्षास विचारले नाही. ते झालेले नव्हते.

दरम्यान शेजारच्या कंपनीने एका वाहिनीतील बिघाडाविषयी दूरध्वनीने विचारणा केली होती. परंतु संचालकांच्या पडद्यावर तशी खूण नव्हती. ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची एक वाहिनी वाढलेल्या झाडाला लागून बंद पडली. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी, ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. प्रत्येक वाहिनीचा भार उरलेल्या वाहिन्यांवर पडत गेला. ४ वाजून ५ मिनिटांनंतर बिघाडांची माळच लागली आणि काही मिनिटांत अमेरिकेतील आठ राज्ये व कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतील सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला.

दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला. झाडांची वेळीच छाटणी न होणे, संचालकांस परिस्थितीचे भान नसणे, इत्यादी अनेक कारणे त्यात नमूद आहेत. केवळ संगणकास दोष देणे योग्य होणार नाही. परंतु इशारे चालू असते तर भार कमी करण्यास संचालकांना तासाभराचा अवधी मिळाला असता. या प्रसंगातून दोन नियम निष्पन्न होतात. पहिला, शांतता हे आरोग्याचे लक्षण मानू नये; देखरेख करणाऱ्या यंत्रणेने ‘मी जागी आहे’ असा संदेश नियमाने द्यावा, आणि तो न येणे हाच इशारा समजावा. दुसरा, सर्व्हर चालू झाला म्हणजे सेवा चालू झाली असे नव्हे. ज्याच्यासाठी ती सेवा आहे त्याच्याकडून खात्री करून घ्यावी.

७. नोंदी आणि घड्याळे

बिघाडानंतर कारण शोधावयाचे तर घटनांचा क्रम कळावा लागतो. प्रत्येक संगणक आपल्या कामाची वेळेसहित रोजनिशी लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. परंतु दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हेच ठरविता येत नाही. २००३ च्या चौकशीत अनेक नोंदींच्या वेळा अशाच जुळत नव्हत्या.

भारतात संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी याविषयी निर्देश दिले. संस्थांनी आपली संगणकीय घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळवून घ्यावीत आणि लॉग १८० दिवस जतन करावेत, असे त्यांत सांगितले आहे. भारतीय प्रमाणवेळ राखणारी ही प्रयोगशाळा नवी दिल्ली येथे आहे.

८. समारोप

यंत्र माप घेते, मोजते, तुलना करते आणि हाक मारते. कोणते माप घ्यावयाचे, कोणत्या हाकेला धावावयाचे आणि हाक आली नाही तर शंका केव्हा घ्यावयाची, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते. ज्याच्या भरवशावर कोट्यवधी लोकांचे व्यवहार चालतात, त्या पहाऱ्यावरही पहारा असला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका डिस्कची क्षमता १,००० एकके असून ७०० एकके भरली आहेत. दररोज १० एकके भरत असतील, तर शेकडा ९० ची मर्यादा किती दिवसांनी गाठली जाईल? इशारा त्या दिवशी द्यावा की आधी? कारण सांगा.

२. शेकडा ९९.९९ इतका वेळ चालू राहणारा सर्व्हर वर्षातून किती मिनिटे बंद राहील?

३. राखीव सर्व्हर असूनही १४ ऑगस्ट २००३ रोजी त्याचा उपयोग का झाला नाही?

४. आपल्या शाळेत अथवा ग्रंथालयात ‘काही कळले नाही म्हणजे सर्व ठीक आहे’ असे मानले जाते, अशा एका व्यवस्थेचे उदाहरण द्या आणि तीत कोणती सुधारणा करता येईल ते लिहा.