कार्ले-भाजे एका दिवसात, आईला घेऊन

प्रश्न : आईला कार्ले आणि भाजे लेणी दाखवायची आहेत. दोन्ही एकाच डोंगरावर आहेत ना? तिचे गुडघे दुखतात. जमेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नावं जोडीनं घेतली जातात, म्हणून हा घोटाळा नेहमीचाच. डोंगर दोन आहेत : मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, तर कार्ले रेल्वे आणि महामार्ग ओलांडून पलीकडे.

आईंसाठी कार्लेच निवडा. लोणावळ्याला उतरून थेट रिक्षा करा. गाडी डोंगरात बरीच वर जाते, पुढच्या पायऱ्या मात्र चढाव्याच लागतात. हार-नारळाच्या दुकानांपाशी टेकत टेकत चढा. लेण्याच्या दारातच एकवीरा आई, त्यामुळे रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा. चैत्यगृहात शिरल्यावर मान वर करा : छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत. माझ्या मते त्यासाठीच यावं.

पावसाळ्यात दगड निसरडे होतात. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. माकडांपासून पिशवी सांभाळा. भाज्यालाही पायऱ्या आहेतच, तेव्हा ते आईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. परतताना मळवलीहून लोकल पकडणार असाल, तर वेळ आधी पाहा. दुपारी गाड्या विरळ असतात.