एक फॉर्म, एक सेशन

एका पतसंस्थेच्या काउंटरसाठी मी लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये एनहायबरनेटचं एकच सेशन होतं. सकाळी लॉगिनला उघडायचं, संध्याकाळी बंद. दुपारनंतर स्क्रीन रेंगाळायची आणि शेजारच्या काउंटरवर बदललेला पत्ता इकडे जुनाच दिसायचा. सेशन म्हणजे नुसती जोडणी नव्हे. वाचलेली प्रत्येक नोंद ते जवळ धरून ठेवतं आणि पुन्हा मागितली की तीच जुनी प्रत पुढे करतं. मग मी दुसरं टोक गाठलं: दर क्वेरीला नवं सेशन. खातेदार दिसायचा, पण त्याच्या ठेवी उघडायला गेलं की लेझी लोडिंगची एरर, कारण सेशन केव्हाच मिटलेलं.

वेबवर रिक्वेस्ट आली-गेली की सेशनचं आयुष्य आपसूक ठरतं. डेस्कटॉपवर ते आपणच ठरवायचं. खालची रीत विनफॉर्म्स आणि एनहायबरनेटची आहे. एन्टिटी फ्रेमवर्क कोअरवाल्यांनी सेशनच्या जागी डीबीकॉन्टेक्स्ट समजावं, आवृत्ती ५.० पासून त्याची तयार फॅक्टरीही मिळते.

१. सेशन फॅक्टरी प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बांधा. तिला उभं राहायला वेळ लागतो, तो सुरुवातीच्या लोगोमागे जाऊ द्या.

२. फॉर्म उघडताना सेशन उघडा, त्या फॉर्मच्याच प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवा आणि फॉर्मक्लोज्डमध्ये डिस्पोज करा. शोडायलॉगने दाखवलेला फॉर्म क्लोज केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज होत नाही. म्हणून सगळी भिस्त फॉर्मच्या डिस्पोजवर ठेवू नका. नुसती यादी दाखवायची असेल तर एवढंही नको: हवे तेवढे रकाने वाचा आणि सेशन लगेच मिटा.

३. फ्लशमोड मॅन्युअल करा. एरवी अर्धवट भरलेल्या फॉर्मवर कुणी शाखेचं नाव शोधलं, तर ती क्वेरी चालवण्याआधी एनहायबरनेट अर्धे बदल डेटाबेसकडे पाठवून देऊ शकतं. मॅन्युअलमध्ये मात्र कमिटही आपणहून काही लिहीत नाही. सेव्ह बटणात आधी फ्लश, मग कमिट. आयडी डेटाबेसच्या आयडेंटिटी कॉलमवर सोडला असेल तर सेव्ह म्हणताक्षणी इन्सर्ट होतो आणि ही सगळी खबरदारी वाया जाते. तिथे इन्सर्टआधीच आयडी देणारी हायलो पद्धत वापरा.

४. सेशन तासभर जगलं तरी चालेल, ट्रान्झॅक्शन नाही. हे मी ठेच खाऊन शिकलो. पैसे काढण्याच्या फॉर्मवर मी ट्रान्झॅक्शन सुरू करून, शिल्लक बदलून, मग विचारत होतो: ‘नक्की?’ एके दिवशी ते विचारणारं चौकोनी खोकं स्क्रीनवर तसंच ठेवून क्लार्क चहाला गेला. त्या खात्याची ओळ लॉक झालेली. ज्या काउंटरला तीच ओळ हवी, तो गोठलेला. चहा होईपर्यंत निम्मी शाखा माझ्या नावाने बोटं मोडत होती. तेव्हा प्रश्न आधी विचारा, उत्तर मिळालं की ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा, कमिट करा. वाचनालाही असंच छोटं ट्रान्झॅक्शन द्या. दोन ट्रान्झॅक्शनच्या मधल्या काळात सेशन डेटाबेसची जोडणी अडवून बसत नाही, म्हणूनच फॉर्मभर सेशन परवडतं.

५. एका फॉर्मकडून दुसऱ्याकडे ऑब्जेक्ट देऊ नका, आयडी द्या. दुसरा फॉर्म स्वतःच्या सेशनमधून नोंद वाचेल. त्याने सेव्ह केलं की इव्हेंटने कळवा, पहिल्याने रिफ्रेश करावं. नुसती क्वेरी पुन्हा मारून भागत नाही, जुनीच प्रत हाती येते.

६. प्रत्येक टेबलला व्हर्जन कॉलम द्या. आपण फॉर्म उघडून बसलो असताना दुसऱ्याने तीच नोंद बदलली, तर सेव्हच्या वेळी स्टेलऑब्जेक्टस्टेट एक्सेप्शन येतं. सेशनमधून कुठलंही एक्सेप्शन आलं की ते सेशन बाद. दुरुस्तीच्या नादी लागू नका. डिस्पोज करून नवं घ्या, ताजी नोंद वाचा. माणसाने टाइप केलेलं मात्र पुसू नका, दोन्ही शेजारी दाखवून त्यालाच निवडू द्या.

७. सेशन दोन थ्रेडमध्ये वाटू नका. मोठ्या रिपोर्टला त्याच्या थ्रेडवर वेगळं सेशन. अवेटचा सापळा यापेक्षा छुपा आहे: क्वेरी चालू असताना फॉर्म मोकळा असतो, माणूस दुसरं बटण दाबतो आणि एकाच सेशनवर दोन कामं येतात. तेवढा वेळ बटणं बंद ठेवा.

आता तपासणी. दोन मशीनवर एकच खाते उघडा, दोन्हीकडे बदला, दोन्हीकडे सेव्ह करा. दुसऱ्याला अडवलं गेलं पाहिजे. मग सगळे फॉर्म, त्यांची प्रश्नाची खोकीसुद्धा, उघडी ठेवून एसक्यूएल सर्व्हरवर त्या डेटाबेसमध्ये डीबीसीसी ओपनट्रॅन चालवा. एकही चालू ट्रान्झॅक्शन दिसता कामा नये. दिसलं, तर चौथ्या पायरीवर परत जा.