खेळण्यांच्या यादीबद्दल

चि. मुग्धा हिस,


तुझा मेसेज मिळाला. काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डं, गाणी म्हणणारा पाळणा आणि ते ‘ब्रेन डेव्हलपमेंट’चं किट, यांतलं काय घेऊ असं तू विचारलं आहेस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण या विषयात माझा जन्म गेला, म्हणून सविस्तर लिहिते. यांतलं काहीही घेऊ नकोस. तीन आठवड्यांच्या लेकीला जे हवं आहे ते तुमच्या घरात आहे, आणि ते विकत मिळत नाही.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. पदराखाली घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. आवाजाची ओळख तर त्याही आधीची. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज ऐकू यावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलली. तीन दिवसांचं बाळ, मुग्धा! आपण त्याला मातीचा गोळा समजतो, आणि ते आपल्या आवडीनिवडी घेऊनच आलेलं असतं.

म्हणून तिच्याशी बोल. ‘अगो बाई, भूक लागली माझ्या बाळीला?’ असं लांबवून, वरच्या पट्टीत. बोबडं बोलू नये, मूल बोबडं राहतं, असं तुला कुणी सांगेल. ते मनावर घेऊ नकोस. तान्ही बाळं सपाट बोलण्यापेक्षा असं हेल काढलेलं बोलणं जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मात्र बोलून झालं की थांब. तिला वेळ लागतो. ती ओठ हलवेल, भुवया वर करील, पाय झाडील. ते तिचं उत्तर असतं. त्यावर तू पुन्हा बोल. आणि तिने मान फिरवली, जांभई दिली, तर तिला आता पुरे झालं आहे असं समज. अंघोळ घालणाऱ्या बाईंनाही हे सांग. बाळ तोंड फिरवत असताना तिला हसवायचा हट्ट नको. चेहऱ्याकडे बघून हसणं सहा-आठ आठवड्यांनी येईल, तेव्हा हे सगळं तुझं तुलाच कळेल.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग तुला सांगायलाच हवा. आई बाळाशी खेळत असते. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा अगदी निर्विकार करते, फक्त काही मिनिटं. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, नाना तऱ्हांनी आईला परत बोलावतं. काही केल्या उत्तर येत नाही, तेव्हा ते नजर वळवतं, खचतं, रडतं. त्या चित्रफिती बघवत नाहीत.

हे वाचून तू हातातला मोबाइल खाली ठेवशील आणि दिवसभर स्वतःला कोसशील, म्हणून पुढचं जास्त लक्ष देऊन वाच. त्याच ट्रॉनिकनी साध्या, सुखी मायलेकरांचाही अभ्यास केला. त्यांचे सूर जुळलेले असतात तो वेळ एकूण वेळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. उरलेला सारा वेळ चुकामूक, आणि मग ती दुरुस्त करणं. आईने रडणं ओळखलं नाही, भूक समजून दूध पाजलं, मग कळलं की दुपटं ओलं होतं. या दुरुस्तीतूनच बाळ शिकतं की बिघडलेलं नीट होतं. तेव्हा दूध पाजताना फोन शक्यतो बाजूला ठेव, पण एखाद्या दुपारी ठेवला नाहीस म्हणून काही बिघडत नाही.

‘उचललं की हाताची सवय लागते, रडू दे’ हे तुझ्या घरी चाललेलं दिसतं. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमधल्या २६ बाळांचं वर्षभर घरी जाऊन निरीक्षण केलं. ज्यांच्या रडण्याला आया लवकर धावल्या, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. १९७२च्या या निष्कर्षावर पुढे वादही झाला, आणि तो वाद गैर नव्हता. पण रडून काम साधून घेण्याचा हिशेब तीन आठवड्यांच्या मेंदूत नसतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सासूबाईंशी भांडू नकोस. बाळ त्यांच्या मांडीवर दे. चार दिवसांत त्याच उचलू लागतील.

किटपेक्षा काय मोलाचं, ते जमैकात दिसलं. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात. खेळणी टाकाऊ वस्तूंची. मुलाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं, हे त्या आईला दाखवत. दोन वर्षं हे चाललं. साधारण वीस वर्षांनी तीच मुलं नोकरीला लागली, तेव्हा त्यांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक निघाली.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ते. तुझ्या मेसेजात बाळाबद्दल सगळं आहे, तुझ्याबद्दल एक ओळ नाही. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. मुलगा हवा असताना मुलगी होणं, नवऱ्याचा जाच, गरिबी, यांनी ते वाढत होतं. आणि अशा आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनात आणि मानसिक वाढीत मागे पडलेली दिसली. दोष त्या आयांचा नव्हता. एकटीने सगळं ओढत नेणाऱ्या बाईकडे बाळाला उत्तर द्यायला बळ उरत नाही, एवढंच. तुझ्याकडे ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणत कुणी समजूत घालून गेलं असेल, तर त्या वाक्याला जागा देऊ नकोस. समजूत घालण्यासारखं तुझ्या घरी काहीही झालेलं नाही.

जॉन बोल्बी यांच्या १९५१च्या अहवालापासून जगाने मुलाचं सगळं ओझं आईच्या माथी मारलं. पण त्यांनीच त्यात लिहिलं होतं की मुलं मोलाची वाटत असतील तर समाजाने त्यांच्या आईबापांना जपलं पाहिजे. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणून निखिलला हे पत्र वाचायला दे. रात्रीचं एक दुपटं बदलणं, ढेकर काढणं, छातीवर झोपवणं हे त्याचं काम आहे, मदत नव्हे. बाळाला त्याचाही आवाज ओळखू दे.

पहिल्या दोन आठवड्यांतलं उगाच येणारं रडू बहुतेकींना येतं आणि जातं. तुझे तीन आठवडे झाले. अजून सकाळी उठावंसं वाटत नसेल, बाळ परकं वाटत असेल, नको नको ते विचार येत असतील, तर या आठवड्यातच डॉक्टरांना सांग. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं. आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
सुमनमावशी