वाळकी काडीसुद्धा

चि. सई,


मैत्रिणींबरोबर गणेशगुडीला राफ्टिंगला जाऊन पुढे उळवी आणि कवळ्याची गुहा पाहणार आहेस, असं ताईने फोनवर सांगितलं. त्याच भागात, जोयड्यात, मी नोकरीची सहा वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी लिहितो.

उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. हे बसवण्णांचे भाचे. बाराव्या शतकात कल्याणात शरणांवर, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांवर, संकट आलं तेव्हा त्यांना घेऊन ते या रानात आले. तिथे आपल्याकडच्या रीतीने काही करायला जाऊ नकोस. लिंगायत मंडळी काय करतात ते आधी बघ. कुणी ‘शरणु’ म्हटलं तर हात जोडून ‘शरणु शरणार्थी’ म्हण. दासोहाच्या पंक्तीत बसलीस तर पानात काही टाकू नकोस.

कवळ्याचं शिवलिंग कुणी घडवलेलं नाही. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्याने ते थेंबाथेंबाने उभं केलंय. हाताचं तेल लागलं की पुढचा थर नीट धरत नाही, म्हणून नमस्कार लांबूनच कर. गुहा व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याला विचारूनच जा. आत वटवाघळं असतात, तेव्हा आरडाओरडा नको, फ्लॅशही नको.

पण मला खरं सांगायचंय ते तिथल्या कुणब्यांच्या देवराईबद्दल. तिथे कळस नाही, पाटी नाही. एखादा दगड, जुनं झाड आणि दाट सावली, एवढंच. आपल्यासारख्याला ते नुसतं रान वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच वर्षी चढण चढायला म्हणून मी तिथली एक वाळकी काठी उचलली. खाली वाडीवर आलो तर एका म्हातारीने ती माझ्या हातातून काढून घेतली. रागावली नाही, बोलली नाही. अनवाणी चढून वर गेली नि काठी होती तिथे ठेवून आली. तेवढा वेळ मी अंगणात उभा होतो. ती परतल्यावर मी माफी मागितली, तर तिने मला पाणी दिलं.

तेव्हा गाडी थांबवून कुठल्याही राईत शिरण्याआधी वाडीतल्या माणसाला विचार, ‘इथं देव आहे का? आत गेलं तर चालेल?’ नको म्हणाले तर बाहेरूनच हात जोड. हो म्हणाले तर चपला बाहेर काढ, आणि फुलं, मध, काडी, काहीही उचलू नकोस. फोटोचंही त्यांनाच विचार. मैत्रिणींना हे आधीच सांगून ठेव. तिथे पोचल्यावर सांगायला उशीर होतो.

येताना बेळगावला उतर. मामी वाट बघतेय.

तुझा,
मामा