मला काय धाड भरलीये?

लेखाचं शीर्षक माझं नाही, आमच्या आईचं आहे. घरात कुणी तिच्या तब्येतीची चौकशी केली की हे तिचं ठरलेलं उत्तर. गेल्या दिवाळीत होस्टेलवरून घरी गेलो आणि तिसऱ्याच दिवशी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.२! गर्भाशयात गाठ होती आणि दीड वर्षापासून अंगावरून जास्त जात होतं. घरात कुणालाच पत्ता नव्हता.

आमच्या घरात आरोग्याचा विमा आहे, तोही आईच्याच नोकरीमुळे. बाबा रिक्षा चालवतात. आई २०१८ पासून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे आणि तिला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे सगळे ज्याला 'ईएसआय' म्हणतात तो, लागू आहे. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली. २०१७ साली तिच्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ मध्ये कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. म्हणजे १२,००० रुपये पगारावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९०. या पैशात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला साध्या तापापासून ऑपरेशनपर्यंत उपचार मिळतात.

इंजिनिअरिंगची सवय वाईट. आईला ॲडमिट केलं त्या रात्री मी घरातली दवाखान्याची फाइल काढली आणि वहीत तक्ता मांडला. सात वर्षांत आईचं कार्ड कुणासाठी किती वेळा वापरलं? बाबा ५ वेळा (हर्नियाचं ऑपरेशन धरून), मी ३ वेळा (फर्स्ट इयरला क्रिकेटमध्ये मोडलेला हात धरून), ताई ३ वेळा. आई ० वेळा. त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "कार्ड तुझं, मग तूच कशी नाही गेलीस?"

"अरे, दिवस जातो तिथं. खाडा पडतो. खाडा पडला की हजेरीचा बोनस गेला. त्यापेक्षा मेडिकलमधून गोळ्या आणल्या."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण सुरुवातीच्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे मोठं आजारपण आलं तर आधार आहे, पण 'जरा दाखवून येते' म्हणून एक दिवस काढला तर तो खिशातून जातो. बाबांच्या किंवा आमच्या वेळी हा खाडा आईने बिनतक्रार सोसला. स्वतःच्या वेळी तिला तो परवडेना.

हे आमच्याच घरात घडतं का, म्हणून वाचत गेलो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३० टक्के स्त्रिया आणि ३३ टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या आरोग्य विम्यात होते. नावनोंदणीत फरक फारसा नाही. फरक पडतो तो वापरात. पास्कलिन ड्युपा आणि राधिका जैन या अर्थतज्ज्ञांनी राजस्थानातल्या ४० लाखांहून अधिक हॉस्पिटल भेटींची नोंद तपासून २०२१ साली निष्कर्ष मांडले. ती योजना कंपनीची नव्हे, सरकारची आणि उपचार फुकट. तरीही लहान मुलांच्या भेटींत मुली फक्त ३३ टक्के आणि वृद्धांत स्त्रिया ४३ टक्के. खर्च कमी केल्यावर मुलींच्या भेटी वाढल्या, पण मुलांच्याही तेवढ्याच वाढल्या. दरी तशीच राहिली. उपचार फुकट झाला तरी आधी कुणाला न्यायचं, हे घरातच ठरतं.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातले बरेच जण कॅम्पसमधून कंपनीत लागतील. तिथे बहुधा ईएसआय नसेल, ग्रुप मेडिक्लेम असेल. त्यात साधारणपणे २४ तास ॲडमिट झाल्याशिवाय क्लेम होत नाही (मोतीबिंदूसारखी काही ऑपरेशन्स सोडून) आणि ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो. वरच्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. ॲनिमिया, थायरॉइड, पाळीचे त्रास यांना सुरुवातीला पलंग लागत नाही. लागते ती तपासणी, गोळ्या आणि पुन्हा तपासणी. त्यामुळे दुखणं विकोपाला जाईपर्यंत पॉलिसीला ते दिसतच नाही.

नियम बदलतात, हेही खरं. ईएसआयमध्ये पूर्वी कामगाराचे स्वतःचे आईवडील कुटुंबात धरत. सासरी राहणाऱ्या सुनेच्या कार्डावर सासू-सासरे येत नसत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये स्त्री कर्मचाऱ्याचे अवलंबून असलेले सासू-सासरेही कुटुंबाच्या व्याख्येत आले. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आमच्या आजीचा प्रश्न त्यामुळे सुटेल. पण आजीला दवाखान्यात नेण्यासाठी पुन्हा खाडा कुणाचा पडणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

म्हणून एवढंच सांगतो. नोकरी लागल्यावर एचआरचा फॉर्म नीट वाचा. आईला घेता येतं का, ओपीडी आहे का, वार्षिक तपासणी आहे का आणि ती कुटुंबालाही आहे का, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. या सुट्टीत घरी गेलात की माझ्यासारखा तक्ता मांडा. आणि आपल्या मेसमधल्या मावशींना एकदा विचारा, "मावशी, ईएसआय कापतात का? कार्ड कधी वापरलंत?" मी विचारलं. एक मावशी हसून म्हणाल्या, "पोराच्या डेंग्यूला वापरलं की!" स्वतःसाठी? त्यावर मला आईचंच उत्तर मिळालं.

आईचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. रजेचे पैसेही मिळाले. आता ती पुन्हा कामावर जाते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आहे, त्या दिवशी बाबा रिक्षा बंद ठेवून तिच्याबरोबर जातात. खाडा आता दोघांचा पडतो. वहीतल्या तक्त्यात आईपुढे सध्या ४ आहे.