पेट्रोलपंपावरची खरी ठिणगी

पेट्रोलपंपावर 'मोबाइल वापरू नका' असा फलक तुम्ही पाहिला असेल. त्याच पंपावर मोबाइलने पैसे देण्यासाठी क्यूआर कोडही लावलेला दिसतो. मग खरे काय मानायचे? आपण पदार्थविज्ञानालाच विचारू या.

प्रथम हे ध्यानात घ्या, की पेट्रोल पेटते म्हणजे त्याची वाफ पेटते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. म्हणून ती टाकीच्या तोंडातून बाहेर पडून जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले, की मिश्रण पेटू शकते. त्याला ऊर्जा तरी किती लागते? मिश्रण अनुकूल असेल, तर सुमारे पाव मिलीज्यूलची ठिणगी पुरते!

आता मोबाइलकडे वळू. त्याच्या रेडिओलहरींची शक्ती फार तर एक-दोन वॅट असते. तुमच्यातील एखादा चतुर विद्यार्थी लगेच म्हणेल, "दोन वॅट म्हणजे सेकंदाला दोन ज्यूल. पाव मिलीज्यूलच्या कितीतरी पट!" शंका रास्त आहे. पण नुसती ऊर्जा असून भागत नाही. ती क्षणार्धात एका बिंदूवर एकवटावी लागते. कागद दिवसभर उन्हात ठेवला तरी पेटत नाही, पण भिंगाखाली धरला की पेटतो. मोबाइलच्या लहरी तर चोहीकडे पसरतात. त्यांतून ठिणगी पडत नाही.

मग ठिणगी येते कोठून? बहुधा आपल्याच अंगातून! हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चटचट आठवा. घर्षणाने शरीरावर विद्युतभार साठतो. शरीराची धारिता सुमारे १०० पिकोफॅरड आणि विद्युतदाब ३,००० व्होल्ट धरा. ऊर्जा = ½ × धारिता × (विद्युतदाब)². गणित करून पाहा, उत्तर ०.४५ मिलीज्यूल येईल. म्हणजे बोटाला जेमतेम जाणवणारी ठिणगीही पेट्रोलची वाफ पेटवू शकते! दाब १०,००० व्होल्ट झाला, तर हीच ऊर्जा ५ मिलीज्यूल होते. कोरड्या हवेत हा भार अधिक काळ टिकतो. म्हणून कोकणातल्या पावसाळ्यापेक्षा विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात ही चटचट अधिक जाणवते.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालक स्वतःच पेट्रोल भरतो. तेथील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवरील आगींच्या हकीकती गोळा केल्या. मोबाइलमुळे आग लागल्याचे त्यांत एकदाही सिद्ध झाले नाही. कित्येक हकीकती मात्र एकसारख्या होत्या : पेट्रोल भरले जात असताना चालक पुन्हा मोटारीत जाऊन बसला, आसनावर घासून बाहेर आला आणि त्याने नोझलला हात लावला.

मग फलक खोटा का? नाही. साधा मोबाइल स्फोटक वाफेत वापरण्यासाठी तपासलेला नसतो, शिवाय त्याने लक्ष विचलित होते. म्हणून फलकाचे पालन कराच. पैसे द्यायचे असतील, तर टाकीपासून दूर जाऊन द्या. पण मोबाइल खिशात ठेवला म्हणजे धोका टळला, असे समजू नका. इंजिन बंद करा. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी, टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. पेट्रोलसाठी योग्य असा कॅन भरायचा असेल, तर तो गाडीत किंवा हातात न धरता जमिनीवर ठेवा. भरताना आग लागलीच, तर नोझल ओढून काढू नका. दूर व्हा आणि पंपावरील माणसाला ओरडून सांगा.

पंपावर टँकर रिकामा होत असेल, तेव्हा दुरून नीट पाहा. नळी जोडण्यापूर्वी टँकरला एक तार चिमट्याने जोडतात. ती कशासाठी, हे आता तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा.