जमीन सरकते, मग बांधाचं काय?

प्रश्न : आमच्या शेताची मोजणी रोव्हरने झाली. जमीन वर्षाला पाच सेंटिमीटर सरकते असं वाचलं. म्हणजे दहा वर्षांनी आमचा बांध अर्धा मीटर शेजाऱ्याच्या शेतात जाणार का? आणि मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर चुकतो, तर एवढीशी हालचाल कळते तरी कशी?
– एक वाचक, ब्राह्मणपुरी (ता. शहादा)

उत्तर : आधी बांधाची काळजी मिटवू. आकडा खरा आहे; भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंमी सरकतो. पण तुमचं शेत, शेजाऱ्याचं शेत, तापी, सातपुडा सगळं त्याच भूपट्टावर आहे. एसटी धावते म्हणून आतल्या दोन प्रवाशांमधलं अंतर बदलत नाही, तसंच हे. रोव्हर हे मोजणीयंत्र ज्या कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांच्या आधाराने जागा ठरवतं, तीही सोबतच सरकतात. हद्द आहे तिथेच राहते.

आता मोजमापाकडे वळू. जीपीएसचा उपग्रह वरून जमीन पाहतो, हा गैरसमज आहे. तो सुमारे २०,२०० किमी उंचीवरून नुसता रेडिओ संदेश पाठवतो. हिशेब खालचं यंत्र करतं. मोबाइल संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो आणि सेकंदाचा एक अब्जांश भाग चुकला तरी ३० सेंमीचा फरक पडतो. शास्त्रज्ञांचं यंत्र त्याशिवाय संदेशाची लाटच मोजतं. ती जेमतेम १९ सेंमी लांब असते आणि तिचा शंभरावा हिस्साही ओळखता येतो. वातावरणाच्या वरच्या थरात होणारी गडबड दोन वेगळ्या लाटांची तुलना करून काढून टाकतात.

तरीही एका दिवसाच्या मोजणीवर भरवसा ठेवत नाहीत. रोजचा एक ठिपका, असे वर्षानुवर्षांचे ठिपके आलेखावर मांडले की तिरकी रेषा दिसते. तिचा उतार म्हणजे वेग. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं केंद्र असंच वर्षाला उत्तरेकडे सुमारे साडेतीन आणि पूर्वेकडे सव्वाचार सेंमी सरकताना दिसतं.

यंत्र कुठेही रोवून मात्र चालत नाही. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीत भूपट्टाची चाल हरवून जाईल. म्हणून जमेल तिथे कातळच शोधतात. पण पावसाच्या पाण्याच्या भाराने कातळाची जमीनही किंचित दबते आणि पाणी ओसरल्यावर वर येते. एका वर्षाच्या नोंदी पुरत नाहीत, त्या यामुळेच.

मग एवढा खटाटोप कशासाठी? नर्मदा-तापीचा पट्टा जुन्या भेगांचा आहे. १९३८ मध्ये सातपुड्यात आणि १९९७ मध्ये जबलपूरला भूकंप झाले. पट्ट्याच्या दोन बाजूंच्या वेगात किंचित जरी फरक असला, तरी मधल्या खडकात ताण साठतो. हा फरक फार तर मिलिमीटरांत असतो, त्यामुळे तो पकडायला दीर्घकाळाच्या नोंदी लागतात. त्यांवरून ताण कुठे साठतोय हे कळू शकतं. भूकंपाची तारीख कळत नाही. कुणी तशी सांगितलीच, तर विश्वास ठेवू नका.